शाई वाळेपर्यंत

नायगावच्या आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ती खाली काढली. आत दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, लिहिण्याचा सगळा संसार निघाला. रेघा आखायचा लाकडी रूळ, गुलाबी टीपकागद, गंजलेल्या टाचण्यांची डबी, डिंकाची खरवडलेली बाटली, बोटभर उरलेल्या तीन पेन्सिली आणि काळ्या एबोनाइटचा एक फाऊंटन पेन. सूनबाई हातात केरसुणी घेऊन उभी होती. तिनं सरळ विचारलं, "बाबा, हे टाकायचं का?"

मी उत्तर दिलं नाही. पेटी तेवढी खोलीत नेऊन ठेवली.

दादा शाळेत शिकले ते निजामाच्या राज्यात, उर्दूतून. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि पुढं काही वर्षांनी दादा मराठी शाळेचे गुरुजी झाले. आमच्या भागाला तेव्हा पुण्यामुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं. पहिल्या पगारातून पेन घ्यायचा तर माणूस तिकडंच जायचा. हैदराबादला आबिड्सवर 'डेक्कन पेन स्टोअर्स' हे दुकान १९२८ पासूनचं. दादांनी पेन नेमका कुठल्या दुकानातून आणला ते मी कधी विचारलं नाही. पण दर रविवारी सकाळी तो कोमट पाण्यात धुतला जाई, जुन्या धोतराच्या चिंधीनं पुसला जाई आणि ड्रॉपरनं त्यात शाई भरली जाई. त्या पेनाला हात लावायची कोणाला मुभा नव्हती. निब एका हाताच्या कलानं झिजते, दुसऱ्याच्या हाती गेली की बिघडते, असं ते सांगत.

आम्हा मुलांच्या वाट्याला चौथीपर्यंत पेन्सिल. ब्लेडनं टोक काढताना निघणाऱ्या लाकडाच्या नक्षीदार पाकळ्या मी वहीत जपून ठेवी, पण जीव अडकलेला असे तो पेनात. एकदा हट्टच धरला. दादा म्हणाले, "पेन्सिल विचार करायला असते, पेन शब्द द्यायला. तुझा विचार पक्का होऊ दे आधी."

याचा अर्थ मला १९७२च्या दुष्काळात कळला. विहिरी आटलेल्या, गावोगावची माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामांवर. एके संध्याकाळी एक बाई ओसरीवर येऊन बसली. हाताला चिंध्या बांधलेल्या. "गुर्जी, मी आठ दिस खडी फोडली, अन् वहीत पाचच लिवलेत." कामावरची हजेरी पेन्सिलीनं मांडलेली होती. तीन खुणा कोणी पुसल्या, चुकून की मुद्दाम, ते कळायला मार्ग नव्हता. कागदावर फक्त मळकट डाग उरला होता.

दादांनी कंदील जवळ ओढला. आधी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं आठही दिवसांच्या तारखा मांडल्या, कोणत्या दिवशी शेजारी कोण बसलं होतं ते विचारून लिहिलं, दोनदा खोडलं. मग पेन उघडून स्वच्छ कागदावर अर्ज लिहिला. शाई वाळेपर्यंत घडी घातली नाही. ती बाईही कागदाकडं बघत बसून राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण आपलं काहीतरी पक्कं होतंय एवढं तिला कळत होतं. पुढं तिला तीन दिवसांची मजुरी मिळाली. अशा किती जणींच्या खुणा पुसल्या गेल्या आणि किती जणी कोणाच्या ओसरीपर्यंत पोचल्याच नाहीत, याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

मोठेपणी या दोन साधनांचा स्वभाव समजला. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच. असतं ते ग्राफाइट आणि चिकणमाती. १७९५ साली फ्रान्समध्ये काँते नावाच्या माणसानं हे दोन्ही मिसळून भट्टीत भाजण्याची रीत काढली. इंग्लंडशी युद्ध पेटलेलं, तिकडचं उत्तम ग्राफाइट मिळेना, म्हणून. माती जास्त तर पेन्सिल कठीण, कमी तर मऊ आणि काळी. तिचे कण कागदाच्या धाग्यांवर नुसते बसतात, म्हणून रबरानं उचलता येतात. शाई धाग्यांत मुरते. जुन्या पद्धतीच्या निळ्या-काळ्या शाईत लोहाचा क्षार असे. ती उमटताना निळी दिसे आणि हवा लागेल तशी काळी होत जाई. आपल्याकडचे मोडीतले जुने कागद तर काजळ आणि डिंकाच्या शाईनं लिहिलेले. बोरू झिजले, लिहिणारे गेले, अक्षर अजून काळंभोर आहे.

ही साधनं आपल्याच माणसांनी बनवावीत, असंही एका पिढीला वाटलं. १९३१ साली मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. त्यातूनच पुढं 'कॅम्लिन' उभी राहिली. उंटाचं चित्र असलेली शाईची बाटली ठाऊक नाही असं मराठी घर त्या काळी विरळाच.

आणि जीव लावायला वस्तू महागच लागते असं थोडंच आहे? काकासाहेब कालेलकरांनी एक आठवण लिहून ठेवली आहे. १९१५ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी गांधीजी कासावीस होऊन काहीतरी शोधत होते. काकासाहेबांनी आपली पेन्सिल पुढं केली, पण त्यांना तीच हवी होती. मद्रासच्या नटेसन यांच्या लहानग्या मुलानं ती प्रेमानं दिली होती. अखेर सापडली, तेव्हा ती जेमतेम दोन इंचांची निघाली!

म्हणून बॉलपेनला नावं ठेवायची का? मुळीच नाही. तो गळत नाही, स्वस्त मिळतो, त्याचं लिहिलेलं सहजी पुसलं जात नाही. गरिबाच्या पोराच्या खिशात पेन आला तो त्याच्यामुळं. खटकतं ते एवढंच, की तो संपला की आपण बघितल्याशिवाय फेकतो. आज दुकानातली पावती तर उष्णतेनं उमटणाऱ्या कागदावर येते आणि कपाटात ठेवली तरी काही महिन्यांत कोरी होते. वॉरंटीची पावती म्हणून जपून ठेवावी, तर हाती पांढरा कागद! धुण्याला, भरण्याला, टोक काढायला लागणारी ती दोन मिनिटं आपण वाचवली. पण त्या दोन मिनिटांत माणूस आपण काय लिहिणार आहोत याचा विचार करत असे.

आमची सूनबाई बचत गटाची वही सांभाळते. परवा पाहिलं, सगळे आकडे पेन्सिलीत! बेरीज चुकली तर खोडता यावी म्हणून. मी तिला खडी फोडणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर वही घेऊन बसली, दोनदा बेरीज तपासली आणि तिच्या बॉलपेननं एकेक आकडा पक्का केला.

दादांचा पेन मी रात्रभर कोमट पाण्यात ठेवला होता. इतक्या वर्षांची वाळलेली शाई हळूहळू सुटून वाटीभर निळं पाणी झालं. आता तो लिहितो, जरा खरखरतो एवढंच. गटाच्या बैठकीच्या दिवशी सूनबाईनं सहीपुरता तो मागून घेतला. तिनं सही केली तसा मी टीपकागद पुढं केला. ती म्हणाली, "राहू द्या बाबा, वाळू दे आपोआप."