गुहेला तिचा अंधार परत द्या

दिवाळी अंकात अंधाराची बाजू घेणे म्हणजे लग्नघरी रडगाणे गाणे, हे मान्य. तरीही कोणी तरी ती घेतली पाहिजे.

हैदराबादकडची आपली मराठी कुटुंबे हौसेने अरकूच्या खोऱ्यात सहलीला जातात. वाटेवर अनंतगिरीच्या डोंगरात बोर्रा गुहा लागतात. पाण्याने चुनखडक कोरून केलेले ते अफाट दालन; पण आत शिरावे तर लाल, हिरवे, जांभळे दिवे! वाटाड्या टॉर्च फिरवतो : ही मगर, हा मेंदू, हे शिवपार्वती. आपण माना डोलावतो, फोटो काढतो आणि बाहेर येऊन बांबूतले चिकन खातो. गुहा पाहिली कोणी?

छतातून झिरपणारे पाणी विरघळलेला चुना घेऊन येते. थेंब लोंबकळताना त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुन्याचा कण मागे राहतो. असा लवणस्तंभ साधारणपणे वर्षाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा वाढतो. सातवाहनांच्या काळी सुरू झालेला स्तंभ आज कुठे वीतभर भरेल! त्याला आपला हात लागला की तळव्याचे तेल बसते आणि वाढ खुंटते. शेजारी दिवा सतत जळला की दगडावर हिरवे शेवाळ धरते.

फ्रान्समधली लास्को गुहा १९४८ साली लोकांना खुली झाली. १९५५ च्या सुमारास दिवसाला बाराशे माणसे येऊ लागली. त्यांच्या श्वासाने आणि दिव्यांनी आदिमानवाची चित्रे बिघडू लागली, तेव्हा १९६३ साली सरकारने दार लावले. १९८३ पासून लोक शेजारची प्रतिकृती पाहतात. बोर्रात तशी चित्रे नाहीत. पण श्वास तोच आणि दिवाही तोच.

कोणी म्हणेल, तिथल्या आदिवासींची पोटे या गर्दीवर चालतात. खरे आहे. म्हणूनच तर गुहा टिकली पाहिजे. बंद दारापुढे कोण दुकान मांडणार?

दार लावा असे आमचे म्हणणे नाही. रंगीत दिवे काढा, माणसे असतील तेवढाच वेळ मंद पांढरा उजेड ठेवा, एका वेळी मोजकीच माणसे सोडा. आणि प्रत्येक तुकडीला एक मिनिट सगळे दिवे मालवून उभे करा. थेंबाचा आवाज तेव्हाच ऐकू येईल. वाचकहो, मुलांना मगर दाखवण्याआधी तो ऐकवा.