डिसेंबरचे मूल, जूनची शाळा

पहिलीच्या प्रवेशासाठी महाराष्ट्रात मुलाचे वय ३१ डिसेंबरला किती भरते ते पाहिले जाते. त्या दिवशी ६ वर्षे पूर्ण होत असतील, तर शाळा त्याच वर्षीच्या जूनमध्ये प्रवेश देते. २०१५च्या शासन निर्णयात ही तारीख ३१ जुलै होती. २०२०च्या निर्णयाने ती ३१ डिसेंबरवर नेली. त्यामुळे जानेवारीत जन्मलेले मूल शाळा उघडते तेव्हा साधारण साडेसहाचे असते आणि डिसेंबर अखेरीस जन्मलेले साडेपाचचे. दोघे एकाच सतरंजीवर बसतात. मूल लवकर शाळेत घालावे का, हा प्रश्न खरा आहे तो या दुसऱ्या मुलाच्या आईवडिलांसाठी. नियम त्याला आत घेतो. पण त्याने याच वर्षी यावे अशी सक्ती करत नाही.

अक्कलकोट तालुक्यातले मैंदर्गी हे कर्नाटकाच्या सीमेजवळचे नगरपरिषदेचे गाव. इथे सोयरिका सीमेच्या दोन्ही बाजूंना जुळलेल्या असतात आणि मामाच्या गावची शाळा वेगळ्या नियमाने चालते. कर्नाटकाच्या नियमात १ जूनला ६ वर्षे पूर्ण हवीत. २०२५-२६साठी तिथल्या सरकारने ५ वर्षे ५ महिन्यांपर्यंत सवलत दिली. म्हणजे नोव्हेंबरात जन्मलेले एक मूल मैंदर्गीत पहिलीला बसू शकते आणि त्याच दिवशी जन्मलेले मामेभावंड मूळ नियमाप्रमाणे पलीकडे आणखी वर्षभर थांबते. राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही पहिलीचे वय ६ वर्षेच मानले आहे आणि ३ ते ८ ही वर्षे एकाच पायाभूत टप्प्यात ठेवली आहेत.

जन्माचा दाखला नसे त्या काळी वय अंगावरून ठरे. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला, की मूल शाळेचे झाले. ही परीक्षा अगदीच भाबडी नव्हती. लहान वयात डोके मोठे आणि हात आखूड असतात. सहाच्या सुमारास प्रमाण बदलते. मग गुरुजी हजेरीपटावर जन्मतारीख लिहीत, बहुधा १ जून. गावोगावच्या जुन्या पिढीत १ जूनला जन्मलेल्यांची एवढी गर्दी दिसते, ती त्यामुळे.

साडेपाच वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. वर्गात तो फरक अभ्यासाआधी हातात दिसतो. मोठे मूल पेन्सिल तीन बोटांत धरते. लहान मूल मुठीत आवळते, चार अक्षरांत मनगट दुखले की पाटी बाजूला सारते. शिक्षकाला तो हट्ट वाटतो, पालकाला आळस. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही प्रवेशाची तारीख ३१ डिसेंबरच आहे. तिथल्या ९ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. अतिचंचलता आणि लक्ष न लागण्याच्या विकाराचे निदान जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांत ३० टक्क्यांनी आणि मुलींत ७० टक्क्यांनी अधिक निघाले. महिन्यागणिक आजार वाढत नसतो. वयाने लहान असणे हेच आजार म्हणून वाचले गेले असणार.

मैंदर्गीच्या बाजूला यात भाषेची भर पडते. अनेक घरांत बोलणे कन्नड आणि शाळा मराठी. पाण्याला ‘नीरु’ म्हणणाऱ्या मुलाला तहान लागली तरी बाईंकडे काय मागायचे ते सुचत नाही. कन्नडमध्ये ‘ऊट’ म्हणजे जेवण. बाई ‘ऊठ’ म्हणाल्या, तर त्याला डबा आठवायचा. साडेसहाचे मूल आजूबाजूला पाहून अर्थ लावते, साडेपाचचे गप्प होते. तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. घरची भाषा आणि शाळेची भाषा एक असेल, तर कमी वयाचा भार बराच हलका होतो. म्हणून माध्यम आणि वय हे दोन निर्णय एकत्रच घ्यायला हवेत.

लवकर घालण्यामागे घरची कारणे असतात आणि ती क्षुल्लक नसतात. आईवडील दोघे तुरीच्या रानात, अंगणवाडी दुपारच्या आत सुटलेली आणि थोरली बहीण शाळेत. धाकट्याला तिच्याबरोबर पाठवले की दिवसाची काळजी मिटते, दुपारचे जेवणही मिळते. शाळेलाही पट हवा असतो, कारण शिक्षकांची पदे पटावर ठरतात. मूल हुशार आहे, अंक शंभरापर्यंत म्हणते, हे कारण मात्र सर्वांत कच्चे. पाठांतर म्हणजे तयारी नव्हे. लघवीला जायचे आहे हे अनोळखी माणसाला सांगता येणे, नाडी बांधता येणे, डबा स्वतः उघडून खाणे, ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगणे, आई गेल्यावर थोड्या वेळात सावरणे, यांवरून अधिक कळते. शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ मेळाव्यांत शारीरिक, भाषिक, सामाजिक आणि भावनिक तयारी पाहतात, ती याचसाठी. ऑगस्ट-सप्टेंबरच्या अशा तयार मुलाला खुशाल पाठवावे. नोव्हेंबर-डिसेंबरचे, त्यातही घरी कन्नड बोलणारे आणि मराठी शाळेत जाणारे मूल, शक्य असेल तर थांबवावे.

थांबण्याचे वर्ष रिकामे गेले तर उपयोग नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी उभी केली ती शंख-शिंपले, पाने, बिया, माती यांवर. मैंदर्गीत तुरीचे दाणे आणि ज्वारीची धाटे आहेत. निवडणे, मोजणे, ओवणे यांतून बोटे तयार होतात. अंगणवाडी ६ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असल्याने वाढदिवसापासून जूनपर्यंतच्या महिन्यांचे सेविकेशी आधीच बोलून ठेवावे. दाखल्यावरची जन्मतारीख मात्र कोणत्याही सोयीसाठी पुढे-मागे करू नये. दहावीच्या प्रमाणपत्रावर ती गेली, की दुरुस्तीसाठी कागदपत्रांसह खेटे घालावे लागतात. शिक्षण हक्क कायद्याने वयाच्या पुराव्याअभावीही प्रवेश नाकारता येत नाही, आणि सहा पूर्ण झालेल्या मुलाला तर त्याच्या वयाच्या वर्गात बसण्याचा हक्कच आहे.