दिव्यांगांची औषधे : नियम आहेत, मोबदला नाही

जबलपूर शहरातील महाराजपूर असो वा विदर्भातील तालुक्याचे गाव, प्रौढ दिव्यांग व्यक्तीच्या औषधांचा हिशेब बहुधा वृद्ध आईवडीलच सांभाळतात. अपस्माराची गोळी एका डॉक्टरांची, मानसोपचाराची दुसऱ्यांची, रक्तदाबाची तिसऱ्यांची. या साऱ्या चिठ्ठ्या एकत्र पाहू शकेल असा जवळचा तज्ज्ञ म्हणजे औषध दुकानातील नोंदणीकृत फार्मासिस्ट. परंतु त्याचे काम बव्हंशी विक्रीपुरतेच उरले आहे.

यातील धोका काल्पनिक नाही. कार्बामाझेपीन घेणाऱ्या रुग्णास संसर्गावर क्लॅरिथ्रोमायसिन दिल्यास कार्बामाझेपीनचे रक्तातील प्रमाण वाढते. मग गुंगी येते, तोल जातो. बोलून सांगू न शकणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत ही लक्षणे मूळ अपंगत्वाचीच समजली जाण्याची भीती असते. गिळता येत नाही म्हणून सावकाश विरघळणारी गोळी कुटून दिली, तर अनेक तासांची मात्रा एकदम शरीरात जाते. दृष्टिहीनांना सारख्या आकाराच्या पट्ट्या ओळखता येत नाहीत, तर कर्णबधिरांना तोंडी सूचनांचा उपयोग होत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते; त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार, तर मध्य प्रदेशात साडेपंधरा लाख. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्याआधी २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमावलीने रुग्णाचे समुपदेशन हे फार्मासिस्टचे काम ठरविले होते. म्हणजे कागदोपत्री आधार तयार आहे.

अडचण अर्थकारणाची आहे. दुकानाचे उत्पन्न गोळ्यांच्या विक्रीवर अवलंबून असते. अनावश्यक औषध दाखवून देणाऱ्या फार्मासिस्टचे नुकसानच होते, आणि समुपदेशनात गेलेल्या वेळेचे कोणी मोल देत नाही.

ऑस्ट्रेलियात डॉक्टरांच्या शिफारशीवरून फार्मासिस्ट घरी जाऊन औषधांची तपासणी करतात. २००१ पासूनच्या या योजनेत त्यांचे शुल्क सरकार देते. इंग्लंडमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या ३० ते ३५ हजार प्रौढांना योग्य निदानाविना मनोविकारावरील औषधे दिली जात असल्याचा अंदाज २०१५ मध्ये पुढे आला. त्यानंतर २०१६ मध्ये तेथे अतिरिक्त औषधे कमी करण्याची मोहीम सुरू झाली.

अर्थात फार्मासिस्टने डॉक्टरांची जागा घ्यावी, असा याचा अर्थ नव्हे. अपस्माराचे औषध अचानक बंद केल्यास झटके बळावू शकतात. त्यामुळे बदलाचा निर्णय डॉक्टरांचाच राहील. मात्र सर्व औषधांची एकच यादी ठेवणे, शक्यतो एकाच दुकानातून औषधे घेणे आणि ठरावीक काळाने ती यादी तपासून घेणे, एवढे आजही शक्य आहे. तपासणीचे शुल्क सरकारने वा विमा योजनांनी उचलले, तरच ही प्रथा रुजेल. अन्यथा आईवडिलांच्या पश्चात हा हिशेब कोण ठेवणार, हा प्रश्न घरोघरी अनुत्तरितच राहील.