भाषांतरित प्रश्नावली आणि खानदेशी उत्तरे

राज्य शासनाने 2016 साली दहावीच्या विद्यार्थ्यांची कलमापन चाचणी घेतली, तेव्हा मनाची मोजदाद शहरी समुपदेशकाच्या खोलीतून निघून जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत पोचली. कल आणि स्वभाव एक नव्हेत. परंतु दोन्ही मोजमापांची भिस्त प्रश्नाच्या शब्दांवरच असते. स्वभावमापनाच्या बहुतेक नामांकित प्रश्नावल्या मूळच्या इंग्रजी. त्यांच्या मराठी रूपावर एखाद्याची नोकरी ठरणार असेल, तर ते रूप पारखून घेणे अगत्याचे आहे.

रूढ रीत अशी की, एकाने इंग्रजीचे मराठी करावे, दुसऱ्याने मूळ न पाहता त्याचे पुन्हा इंग्रजी करावे, आणि दोन्ही इंग्रजी ताडून पाहावीत. ब्रिस्लिन यांनी 1970 साली पुरस्कारलेली ही रीत ढोबळ चुका पकडते, यात शंका नाही. पण ‘तुम्हाला पार्टीला जायला आवडते का?’ हा बहिर्मुखता जोखणारा प्रश्न घ्या. ‘पार्टी’ परत इंग्रजीत गेली की ‘पार्टी’च होते, परीक्षा उत्तीर्ण! जळगावच्या शेतकऱ्याला मात्र पार्टी म्हणजे हिवाळ्यात शेतावर रंगणारी भरीत पार्टी. तेथे अबोल माणूसही भाऊबंदकी राखण्यासाठी जातोच. धुळ्याकडील एखाद्या गृहिणीला त्याच शब्दात दारूचा वास येईल. एकाचा होकार आणि दुसरीचा नकार, दोहोंतही स्वभाव कोठे आला?

काही प्रश्न खोटेपणा पकडण्यासाठी घातलेले असतात. दुसऱ्याची वस्तू कधी न विचारता घेतली काय? वाटेवरच्या शेतातून मूठभर हरभरा उपटणाऱ्या मुलाला ती चोरी वाटतच नाही. तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो आणि गुणपत्रक त्याच्यावर संशय घेते! शिवाय ‘मी कधी चिडत नाही’ या विधानापुढे लिहिलेल्या ‘नाही’चा अर्थ काय घ्यायचा?

येथे भाषेचीही दुहेरी अडचण आहे. 2011 च्या जनगणनेत मराठीहून वेगळी नोंदलेली खानदेशी 18 लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा आहे. त्यांच्या दृष्टीने प्रमाण मराठी प्रश्नावली हेही एक भाषांतरच.

डॉलर आणि रुपयाचे आकडे विनिमयदर व क्रयशक्ती न पाहता कोणी एका रकान्यात मांडत नाही. लंडन आणि धुळ्याच्या स्वभावगुणांची सरासरी मात्र बिनदिक्कत शेजारी ठेवली जाते. बिने यांची बुद्धिमापन कसोटी मराठी-कानडीत आणताना व्ही. व्ही. कामत यांनी ती येथील मुलांवर आजमावून प्रमाणित केली होती. स्वभावमापनालाही तेच कष्ट हवेत. प्रत्येक प्रश्नाचा अर्थ काय घेतला, हे अमळनेर-साक्रीच्या माणसांना आधी विचारावे, अडणारा प्रश्न बदलावा, आणि प्रश्नांचा परस्परसंबंध येथेही टिकतो काय ते पडताळावे. जळगावच्या विद्यापीठाला हे काम अवघड नाही.