नाताळचे आरोग्य: खाणाऱ्यांचे आणि करणाऱ्यांचे

डिसेंबर उजाडला की वसईत आमच्याकडे दारोदारी चांदण्या लागतात, मुले गोठ्यासाठी पेंढा आणि बांबू गोळा करू लागतात, आणि त्याच सुमारास आरोग्याचे उपदेशही सुरू होतात. गेल्या आगमनकाळात असेच एक व्याख्यान ऐकले. समोर बहुतेक बायकाच होत्या. वक्त्यांनी सांगितले की केकचा एकच तुकडा खा, तळलेले टाळा, रोज दहा हजार पावले चाला, सुट्टी आहे म्हणून लोळत राहू नका. मागच्या रांगेतून एक जण म्हणाली, "सुट्टी? ती कोणाला?" हशा पिकला. वक्तेही हसले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

मला तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही.

नाताळच्या आधीचे दहा दिवस घरातली बाई काय करते ते पाहा. नोकरी किंवा भाजी-फुलांचा धंदा चालूच असतो. दादरच्या बाजारासाठी पहाटेची गाडी पकडणारीला डिसेंबरात कोणी सवलत देत नाही. त्यावर घराची साफसफाई, पडदे, कपडे. मग रात्री जेवणे उरकल्यावर नेवऱ्या, कलकल, रोझ कुकीज. कलकलाची एकेक गोळी काट्यावर किंवा फणीवर दाबून वळायची, दोन-दोन किलो मैद्याच्या. दोदोल करायचा तर नारळाचे दूध, गूळ आणि तांदळाचे पीठ तासन्तास ढवळत राहायचे; हात थांबला की तळाला लागले. (काही घरांत हा ढवळा पुरुष हातात घेतात, आणि त्याची चर्चा पुढच्या नाताळपर्यंत चालते.) चोवीस तारखेला मिस्सा आटोपून आल्यावर सगळे झोपतात आणि ही मटणाला मसाला लावून ठेवते. पंचवीसला पाहुणे. सव्वीसला राहिलेले पाहुणे.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्या बिनपगारी कामात रोजची सरासरी २८९ मिनिटे निघाली. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ८८. ही सगळ्या वर्षाची सरासरी आहे, नाताळच्या आठवड्याची नव्हे.

आता यावर आमच्या घरचे लोक लगेच म्हणतात, "मग झालाच की व्यायाम! दिवसभर हालचाल असते, तुला वेगळे चालायला कशाला जायला हवे?" हा युक्तिवाद मी इतक्या घरांत ऐकला आहे की त्याचा समाचार घेणे भाग आहे. ओट्यापाशी चार तास उभे राहण्याने पाय सुजतात, कंबर धरते, खांदे आखडतात. पण हृदयाची गती वाढून दम लागावा, अशी हालचाल त्यात फारशी नसते. थकवा येणे आणि व्यायाम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा की २०२२ मध्ये आपल्या देशातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रिया आरोग्यासाठी पुरेशी हालचाल करत नव्हत्या. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते. म्हणजे जी जास्त राबते, तिलाच व्यायाम कमी. तिच्या आळसाने हे झालेले नाही. तिचा वेळ दुसऱ्यांनी वापरून टाकला आहे.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम दमाची हालचाल सांगते. भरभर चालण्याची रोजची वीस-बावीस मिनिटे. (दहा हजार पावलांचा आकडा हा काही शास्त्राने काढलेला मंत्र नव्हे. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विकायला आले, त्याच्या नावातून तो रूढ झाला. तेवढी पावले झाली नाहीत म्हणून जीवाला लावून घेऊ नका.) पण ही बावीस मिनिटे कुठून आणायची? डिसेंबरात सहा वाजून गेले की अंधार पडतो. आतल्या रस्त्यांना पदपथ नाहीत, आणि नाताळ ते एकतीस डिसेंबर या दिवसांत पिऊन दुचाकी हाकणाऱ्यांची धास्ती वेगळीच. "चालायला जा" हे सांगणाऱ्याने कोणी, कधी, कुठे आणि मागचे काम कोणावर टाकून, हेही सांगायला हवे.

खाण्याचे तसेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सगळ्यांना वाढून झाल्यावर जी भात आणि पातेल्यातला उरलेला रस्सा घेऊन बसते, तिला "सणात कमी खा" म्हणणे ही थट्टा आहे. तिला सांगा की मटणाची वाटी आधी स्वतःसाठी बाजूला काढ. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी जपावेच. पण साखरेपेक्षाही गोळ्या चुकतात, जेवणाच्या वेळा चुकतात, रात्रीची झोप तीन तासांवर येते. याबद्दल पत्रकात एक ओळ नसते.

आमच्या गटातल्या एका बाईची गोष्ट सांगते. वय एक्कावन्न. चोवीस तारखेला संध्याकाळपासून पाठ आणि जबडा दुखत होता, मळमळत होते. तळणाचा वास बाधला असेल म्हणून सोडून दिले. पंचवीसला पंधरा पाने वाढली. शेवटचा पाहुणा गेल्यावर ती ओट्यालाच धरून खाली बसली. हृदयविकाराचा झटका होता. वाचली, पण हृदयाचे स्नायू दुबळे झाले ते झालेच. तिला विचारले, आदल्या रात्री का बोलली नाहीस? म्हणाली, "सणाच्या दिवशी कोणाचा विरस करायचा?" मैत्रिणींनो, छातीत दुखणे हे बायकांतही मुख्य लक्षण आहेच, पण धाप, घाम, मळमळ, पाठ-जबड्याचे दुखणे, न कळणारा थकवा ही लक्षणे त्यांच्यात वारंवार दिसतात आणि "पित्त झाले" म्हणून ढकलली जातात. सण असो की लग्न, त्या क्षणी गॅस बंद करून १०८ ला फोन करायचा.

"पण तिला हे सगळे आवडीने करायचे असते," असे म्हणणारे भेटतात. असेलही. माझ्या आईला नेवऱ्यांची मुरड घालायला खरेच आवडे. पाचव्या रात्री दीड वाजता आवडत होते का, हे मी तिला कधी विचारले नाही. आवड आहे तर ती दोन प्रकारांपुरती ठेवता येते. आठ प्रकार आवडीने होत नाहीत, शेजारच्या ताटाकडे बघून होतात.

विकत आणा, हाही सोपा उपाय निघाला आहे. बचत गटाकडून जरूर आणा. पण ते तळण करणारीही बाईच असते आणि तीही रात्री जागते. किलोमागे दहा रुपये पाडून मागाल तर ओझे फक्त एका कंबरेवरून दुसरीवर गेले.

गेल्या वर्षी आमच्या गटाने ठरवले की सव्वीसला सकाळी सात वाजता भुईगावच्या किनाऱ्यावर चालायला जायचे. सतरा जणींनी नावे दिली. अकरा आल्या. न आलेल्या सहाही जणींचे कारण एकच होते: नाष्टा कोण करणार? आलेल्यांपैकी एकीच्या घरी त्या दिवशी नवऱ्याने पाव आणि आदल्या दिवशीचे मटण गरम करून मुलांना घातले. परत आल्यावर भांडी तशीच पडली होती, हे तिने सांगितले. यंदा जाताना भांड्यांचेही बोलून घेणार आहे, म्हणाली.