‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ : हे उत्तर किती दिवस ऐकायचं?

सेतू केंद्र, तलाठी ऑफिस, रेशन दुकान... हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आपल्याकडे सापडणं कठीण. आपण चरफडतो आणि घरी येतो. पण सर्व्हर बसला तर त्याच्या मागे काय उभं आहे, हे विचारत नाही.

मार्ग दोन आहेत. एक, कॅशिंग प्रॉक्सी. म्हणजे गल्लीतलं किराणा दुकान. गिऱ्हाईक जे मागतं तेवढाच माल ठेवणार. स्वस्त आणि झटपट. दुसरा, मिरर. म्हणजे दुसऱ्या गावात अख्खं दुसरं गोदाम. खर्च जास्त, दोन्हीकडचा हिशोब सतत जुळवावा लागतो.

जीआर, अर्जाचे नमुने, योजनांची माहिती यांना कॅशे पुरतो. तिथे मिररवर पैसा उधळायची गरज नाही.

सातबाऱ्याचं तसं नाही. काल फेरफार मंजूर झाला आणि कॅशेतून परवाचा उतारा निघाला, तर जमिनीच्या व्यवहारात माणूस बुडेल. शिवाय एखाद्या आडगावातला गट नंबर आधी कोणी मागितलाच नसेल, तर मूळ सर्व्हर गेल्यावर कॅशेत तो सापडणारच नाही. इथे मिररच हवा, आणि माहिती कधीपर्यंतची आहे ते उताऱ्यावर ठळक छापलेलं हवं.

जमत नाही असं नाही. दहावीचा निकाल एकाच वेळी अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवर लागतोच की! एक अडकलं, दुसरं उघडा. मग शेतकऱ्यालाच एक खिडकी का?

आणि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे चुकून पुसलं की तिकडेही पुसलं जातं. जुन्या तारखांच्या प्रती वेगळ्या जागी हव्यातच. दक्षिण कोरियासारख्या पुढारलेल्या देशात 26 सप्टेंबर 2025 ला देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. 709 यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइलींचा 858 टेराबाइटचा साठा गेला, कारण त्याची दुसरीकडे प्रतच नव्हती.

म्हणून माहिती अधिकारात तीनच प्रश्न टाका. दुसरी प्रत कुठे आहे? ती किती वेळाने ताजी होते? मूळ सर्व्हर बंद ठेवून तिच्यावर काम चालवून शेवटचं कधी पाहिलं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तारखेसकट आलं नाही, तर पहिल्या दोन उत्तरांवर फार भरवसा ठेवू नका.

पटलं तर शेअर करा.