उद्या बदलेल म्हणून आज निकाह?

आमच्याकडे मुलाने किंवा मुलीने ‘मला निकाह करायचा नाही’ म्हटले की घरात तीन उत्तरे तयार असतात. कुणाशी तरी भानगड असेल. कुणी करणी केली असेल. आणि तिसरे, सर्वांत समंजस वाटणारे: निकाह झाला की सगळे आपोआप ठीक होईल. मला भांडायचे आहे ते या तिसऱ्या उत्तराशी. ते मायेने दिले जाते आणि नुकसान सर्वांत जास्त तेच करते.

माझ्या खालाच्या मुलाने पंचविशीत आईला स्पष्ट सांगितले, की बाईविषयी, पुरुषाविषयी, कुणाविषयीच मला ती ओढ वाटत नाही. डॉक्टरने तपासले, शरीरात दोष निघाला नाही. खालाने अर्थ लावला की दोष नाही म्हणजे नुसती लाज आहे आणि ती बायको घालवील. निकाह झाला. दोन वर्षांनी सून मायक्याला गेली ती परतलीच नाही. त्या दोन वर्षांत मोहल्ल्याने तिला ‘बांझ’ ठरवले. खरे काय ते त्यालाही बोलता आले नाही, तिलाही नाही. शेवटी खुला झाला. त्या मुलीचा गुन्हा काय, हे मला कुणी तरी सांगावे.

अशा माणसांना इंग्रजीत ‘असेक्शुअल’ म्हणतात. मराठीत ‘अलैंगिक’ म्हणावे, तर तो शब्द शाळेत अमीबा आणि हायड्राच्या धड्यात शिकलेला असतो. माणसाला लावला की लोक हसतात. काही जण याला ब्रह्मचर्य समजतात, तेही चूक. रोजेदाराला भूक लागते, तो ती आवरतो. ज्याला भूकच लागत नाही त्याच्या न खाण्याला कुणी रोजा म्हणत नाही. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ अँथनी बोगार्ट यांनी २००४ साली अठरा हजारांवर ब्रिटिश लोकांच्या उत्तरांवरून दाखवले, की सुमारे एक टक्का लोकांनी आपल्याला कुणाबद्दलही लैंगिक आकर्षण वाटले नाही असे सांगितले. म्हणजे ही माणसे मोजकी असली तरी प्रत्येक वस्तीत असणार.

आता खरा वाद. लोक विचारतात, ‘हे जन्मभर असेच राहील याची खात्री काय?’ माझ्या ओळखीच्या एक ज्येष्ठ शिक्षिका चाळिशीपर्यंत हेच सांगत होत्या. बेचाळिसाव्या वर्षी एका विधुराशी त्यांचे मन जुळले आणि त्यांनी निकाह केला. लगेच बिरादरीने जाहीर केले, ‘पाहिलेत? सगळे नखरे होते.’ तेव्हापासून प्रत्येक मुलीपुढे त्यांचेच उदाहरण ठेवले जाते. पण त्यांचे वीस वर्षांचे ‘नाही’ खोटे होते, हे त्यांच्या ‘हो’मुळे सिद्ध झाले कसे? दुपारी ऊन पडले म्हणून सकाळचा पाऊस खोटा ठरत नाही.

उलट्या बाजूनेही अशीच जबरदस्ती होते. हक्काची भाषा बोलणारे काही जण म्हणतात, ‘हे जन्मजात आहे, कधीच बदलत नाही, म्हणून मान्य करा.’ हेतू चांगला असेल, पण मग ज्याचे बदलले तो खोटारडा ठरतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेने २०१३ साली मान्य केले, की स्वतःला असेक्शुअल म्हणवणाऱ्यावर इच्छेच्या अभावाचा रोग लादू नये. पण पुरुषाच्या बाबतीत एवढे म्हणणे पुरते आणि स्त्रीच्या बाबतीत मात्र ‘जन्मभर’ हा शब्द घातला आहे! बाईच्या शब्दाला तिथेही आयुष्यभराचा जामीन लागतो.

बदल होतच नाही असे मी म्हणत नाही. काहींची ओढ अचानक आटते, त्यामागे आजार, औषध किंवा उदासी असू शकते. ज्याला त्याचा त्रास होतो त्याने डॉक्टरकडे जरूर जावे. पण कुणाचा बदल झाला तरी तो आईच्या हुकमाने, काझीसमोर, ठरल्या तारखेला होत नाही. आणि बदलाची वाट पाहण्यासाठी दुसऱ्याची लेक वापरायची, हा कुठला न्याय?

‘निकाह सुन्नत आहे, निस्फ ईमान आहे’ हे उत्तर मला पाठ आहे. ते मी नाकारत नाही. पण ते देणाऱ्यांनी आपलीच फिक्ह पुरती वाचावी. हनफी फुकहांनी निकाहाचा एकच हुक्म सर्वांना लावलेला नाही. माणसाच्या हालतीप्रमाणे तो कुणासाठी फर्ज, कुणासाठी सुन्नत. आणि जोडीदारावर जुल्म होणार याची खात्री असेल तर हराम. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमचे इमाम नववी लिहितात, की ज्याला निकाहाची गरज वाटत नाही त्याने इबादतीत राहणे अधिक चांगले. नववी स्वतः अविवाहित राहिले. त्यांना ओढ होती की नव्हती, हे ठरवणारी मी कोण? सूरह नूरच्या ३१ व्या आयतीत पर्द्याची सवलत सांगताना ज्यांना स्त्रियांची इच्छा नाही अशा पुरुषांचाही उल्लेख येतो. म्हणजे अशी माणसे असतात हे कुरआन वाचणाऱ्याला नवे नसावे.

या सगळ्यात मला एकच सूत्र दिसते: हुक्म हालतीवर आहे, आणि हालत म्हणजे आजची. उद्या हालत बदलली तर हुक्मही बदलेल, निकाहाचा दरवाजा काही कुणी विटांनी बुजवलेला नाही. पण उद्याच्या शक्यतेवर आजचा निकाह लावणे म्हणजे ढग पाहून वजू उरकणे.

निकाहाच्या दिवशी वकील आणि दोन गवाह मुलीकडे इजाजत घ्यायला जातात. विचारण्याची ही रीत आपल्याला दीनने दिली आहे. जिथे विचारले जाते तिथे ‘नाही’लाही जागा असते, नाहीतर ते विचारणे म्हणजे तमाशाच. म्हणून आई-वडिलांना माझी विनंती आहे, मंडप घालण्याआधी एकदा एकांतात विचारा. उत्तर ‘नाही’ आले तर ‘कधीपर्यंत?’ असे विचारू नका. आजचे उत्तर आज माना. पुढच्या वर्षी उत्तर बदलले तर सांगायला तोंड तिला आहे. ऐकायला कान आपल्याला हवेत.